मधल्या फळीतील खेळाडूचा जमाखर्च

गेल्या आषाढात एका संध्याकाळी माझी मुलगी एक छापील अर्ज घेऊन आमच्या हातकणंगल्याच्या घरी आली. नववीत शिकणाऱ्या तिच्या मुलीला कोल्हापूरच्या एका फुटबॉल प्रशिक्षण वर्गात प्रवेश घ्यावयाचा होता. ‘पालकाची स्वाक्षरी’ या रकान्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “अण्णा, इथे तुम्ही सही करा.” मी म्हटले, “पालक तू आहेस, तूच कर.” ती हसली नाही. “माझ्या वेळची राहिली आहे ना,” एवढेच बोलली.

वाचकांना याचा उलगडा करणे प्राप्त आहे. १९९७ साली हीच मुलगी शाळेच्या मैदानावर मुलांबरोबर फुटबॉल खेळत असे. जिल्हा संघाच्या निवड चाचणीसाठी तिचे नाव सुचवले गेले, तेव्हा मी संमतिपत्रावर सही केली नाही. मी त्या वेळी बँकेच्या कर्ज विभागात होतो. अर्जदाराचा उद्योग चालेल काय, परतफेड कशातून होईल आणि तारण काय, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय अंगात मुरलेली. तेच प्रश्न मी तेरा वर्षांच्या मुलीच्या खेळाला लावले, उत्तर मिळाले नाही आणि अर्ज नामंजूर केला. प्रकरण मिटले, असे मी इतकी वर्षे समजत होतो.

या वेळी मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि तेव्हा न केलेला अभ्यास आता केला.

नात मधल्या फळीत खेळते. आपल्या भागात फुटबॉल कोणाला नवा नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे सामने असले की कोल्हापुरात शाहू स्टेडियम भरून जाते. परंतु मीदेखील आजवर गोल कोणी केला एवढेच विचारून घरी परतणाऱ्यांपैकी होतो. मधल्या फळीतील खेळाडू बचाव करणाऱ्यांकडून चेंडू घेतो, मान वर करून कोण मोकळे आहे ते पाहतो आणि योग्य क्षणी पुढे देतो. चेंडू गेला की तो परत मिळविण्यासाठी मागे धावतो. नव्वद मिनिटांत त्याची धाव सुमारे दहा किलोमीटर भरते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मात्र त्याचे नाव बहुधा नसते. आमच्या बँकेतील दिवसअखेरचा ताळमेळ जुळविणारा कारकून मला आठवला. त्याचे काम चोख असेपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नसे.

अशा एका खेळाडूची संपूर्ण कारकीर्द मला तपासावयाची होती. ती मिळाली मणिपूरमध्ये. ओइनम बेमबेम देवी यांचा जन्म १९८० चा, इंफाळचा. लहानपणी मुलांच्या संघात खेळता यावे म्हणून त्या मुलाचे नाव सांगत असत. १९९५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, मलेशियातील आशियाई स्पर्धेत गुआमविरुद्ध त्या भारताकडून प्रथम खेळल्या. म्हणजे मी ज्या खेळाला भवितव्य नाही असे ठरविले, त्यात माझ्या मुलीपेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठी असलेली मुलगी दोन वर्षे आधीच देशाची जर्सी घालून उतरली होती.

पुढे त्या कर्णधार झाल्या. २०१० साली ढाक्यात दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक त्यांच्या संघाने मिळविले. २०१४ मध्ये मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून त्या खेळल्या. परदेशी क्लबसाठी खेळणाऱ्या पहिल्या भारतीय महिला फुटबॉलपटूंमध्ये त्यांची गणना होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये शिलाँगला पुन्हा दक्षिण आशियाई सुवर्ण मिळाले आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय खेळाचा निरोप घेतला. २०१७ ला अर्जुन पुरस्कार आणि २०२० ला पद्मश्री. पद्मश्री मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला फुटबॉलपटू होत.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू वाचताना मी अस्वस्थ झालो. २००९ साली फिफाने भारतीय महिला संघाला जागतिक क्रमवारीतून वगळले. कारण पराभव नव्हे. अठरा महिन्यांत संघाने एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. बेमबेम देवी तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या. फुटबॉलपटूच्या आयुष्यातील ही ऐन भराची वर्षे. उभे पीक शेतात असावे आणि कापणीला कोणी फिरकूच नये, तशी ती गेली. त्याहून विलक्षण बाब अशी की, महिलांची राष्ट्रीय लीग त्यांच्या एकवीस वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत अस्तित्वातच नव्हती. तिची पहिली मुख्य फेरी दिल्लीत झाली ती जानेवारी २०१७ मध्ये, त्यांच्या निवृत्तीनंतर अकरा महिन्यांनी. त्यांच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियननेच ती जिंकली.

मग त्यांचा चरितार्थ कशावर चालला? मणिपूर पोलीस दलातील नोकरीवर. तारणाच्या माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर इथे होते आणि ते १९९७ मध्येही मिळू शकले असते, मी विचारले असते तर.

आपल्या जिल्ह्याचेही नाव या लीगमध्ये आहे, हे मला ठाऊक नव्हते. एफसी कोल्हापूर सिटी हा महिलांचा संघ २०१९ मध्ये लुधियानाला आणि २०२० मध्ये बेंगळुरूला खेळून आला. तेव्हाची लीग म्हणजे सर्व संघ एका गावी जमवून तीन आठवड्यांत उरकलेली स्पर्धा. उरलेल्या अकरा महिन्यांत या मुलींनी काय करावे, याचा विचार तिच्यात नव्हता. २०२३-२४ पासून स्वगृही आणि परगावी अशा सामन्यांची पद्धत आली. त्या वर्षी सात संघ होते, म्हणजे प्रत्येकाला बारा सामने. त्याच सुमारास अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने लीगमधील प्रत्येक क्लबने किमान दहा खेळाडूंना वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत असे ठरविले. महिन्याला २६,६६६ रुपये झाले. माझ्या हिशोबी डोक्याला ही रक्कम भुलवीत नाही. पस्तिशीला संपणाऱ्या व्यवसायासाठी ती अपुरीच आहे. तरी शून्याच्या जागी आकडा आला, याची नोंद करणे भाग आहे.

वाचनाच्या ओघात गडहिंग्लज तालुक्यातील बेकनाळच्या अंजू तुरंबेकर यांच्याविषयीही समजले. शेतकरी घरातील ही मुलगी महाराष्ट्राकडून खेळली, पुढे प्रशिक्षक झाली आणि महासंघाच्या तळागाळातील फुटबॉल विकासाचे काम तिने सांभाळले. खेळ थांबल्यावरही त्या क्षेत्रात जागा असते, हा मुद्दा माझ्या मुलीने वहीत अधोरेखित करून ठेवला.

माझा कौल फिरविला तो मात्र एका सामन्याने. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमध्ये, चियांग माईला, यजमानांना २-१ असे हरवून भारतीय महिला संघ पात्रता फेरीतून आशियाई चषकासाठी प्रथमच पात्र ठरला. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे. बंगालच्या कल्याणी गावची ही खेळाडू मधल्या फळीतलीच आणि सशस्त्र सीमा बलाच्या सेवेतली. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून ती परतली होती. गुडघ्याच्या आतील बंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक असते आणि शस्त्रक्रियेनंतर मैदानावर यावयास नऊ महिने ते वर्ष लागते, हे मी मुलीला मुद्दाम वाचून दाखविले. ती म्हणाली, “अण्णा, धोका सांगा, पण या वेळी नुसता धोकाच सांगू नका.”

घरात आणखी एक पेच होता, तो आपल्या वाचकांना सहज कळेल. वर्ग सायंकाळी पाच ते सात. हातकणंगल्याहून कोल्हापूर वीस-बावीस किलोमीटर. परतेपर्यंत सूर्यास्त होऊन जातो. माझ्या पत्नीचा नेम कडक आहे आणि नातही आजीबरोबर दिवसाउजेडीच जेवत आली आहे. आजीने दोन दिवस मौन पाळले. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच वाट काढली: दुपारी साडेतीनला पोटभर जेवण, वर्ग सुटल्यावर उकळून गार केलेले पाणी आणि सकाळी सूर्योदयानंतर मूग-भाकरीची भक्कम न्याहारी. वाढत्या वयाच्या खेळाडूला एवढे पुरेल काय, अशी शंका मी काढली. दर महिन्याला वजन पाहावे, घटले तर डॉक्टरांचे ऐकावे आणि नेमाचे मग पाहू, असे ठरले. ‘मग पाहू’ हे शब्द आजीचे आहेत, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो.

अर्जावर मी सही केली. पालकाशी नाते या रकान्यात ‘आजोबा’ लिहिल्यामुळे तो कार्यालयातून परत आला. नियमाप्रमाणे आई किंवा वडिलांची सही हवी होती. मग माझ्या सहीखाली मुलीने आपली केली. आता मंगळवार, गुरुवार आणि शनिवार मी नातीबरोबर कोल्हापूरला जातो. वर्ग चालू असताना मैदानाच्या कडेला बसून तिने चेंडू किती वेळा अचूक पुढे दिला, याच्या उभ्या रेघा वहीत मारतो. गेल्या शनिवारी सदतीस झाल्या. तिच्या मते एकेचाळीस.