श्रवण आणि अवधान

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अथवा कॅनडा येथील विद्यापीठांत जाऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला पुष्कळदां ‘आयेल्ट्स’ नांवाची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. १९८९ सालीं सुरू झालेल्या या परीक्षेंत वाचन, लेखन व संभाषण यांच्या जोडीला श्रवणाची स्वतंत्र कसोटी असते. सुमारें ३० मिनिटांत ४ ध्वनिमुद्रणें ऐकावयाचीं व ४० प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं, एवढाच तिचा विधि. परंतु प्रत्येक ध्वनिमुद्रण एकदांच ऐकविलें जातें. वाचतांना डोळा मागच्या ओळीवर परत जाऊं शकतो. कानाला ती सवलत नाहीं. इंग्रजी उत्तम जाणणारा विद्यार्थीहि येथें अडखळतो, तो अनेकदां भाषेच्या अज्ञानामुळें नव्हे, तर अवधान सुटल्यामुळें.

अवधान सुटतें कसें, तें पाहण्यासारखें आहे. सहाव्या प्रश्नाचें उत्तर हुकतें. मन तेथेंच घोटाळतें. ‘काय बरें म्हणाला तो?’ असें स्वतःला विचारीत राहतें. तेवढ्यांत सातव्याचें व आठव्याचें उत्तर बोलून झालेलें असतें. सुटलेल्या गाडीच्या धुराकडे पाहत फलाटावर उभें राहावें आणि मागची गाडीहि निघून जावी, तशांतला हा प्रकार. एका गुणाची हानि तिपटीवर जाते, ती चुकीमुळें नव्हे, चुकीच्या शोकामुळें.

या घटनेचें मर्म उलगडण्यास कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाचे १९५३ सालीं प्रसिद्ध झालेले प्रयोग उपयोगी पडतात. त्यानें श्रोत्याच्या दोन कानांत दोन निरनिराळीं निवेदनें सोडलीं व एकाच कानांतलें निवेदन बोलून दाखविण्यास सांगितलें. दुर्लक्षित कानांतील भाषा मध्येंच इंग्रजीची जर्मन झाली, तरी तें श्रोत्यांच्या ध्यानांत आलें नाहीं! परीक्षागृहांत असें दुसरें निवेदन परीक्षार्थी स्वतःच निर्माण करतो. कधीं तो हळहळ असते, कधीं प्रत्येक वाक्याचें मनांतल्या मनांत केलेलें मराठी भाषांतर. अष्टावधानी माणसाचें महाराष्ट्रांत मोठें कौतुक. या अर्ध्या तासांत मात्र एकावधानी माणूसच तरतो.

शिकवणीवर्गांतून युक्त्यांच्या लांबलचक याद्या वांटल्या जातात. बऱ्याचशा निरुपद्रवी व तितक्याच निरुपयोगी असतात. खरा आधार प्रश्नांच्या क्रमाचा आहे. उत्तरें साधारणतः प्रश्नांच्याच क्रमानें येतात. म्हणून एका वेळीं दोन प्रश्नांवर नजर ठेवावी. सातव्याची खूण कानावर आली कीं सहावा गेला, असें निःशंक समजून पुढें सरकावें. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहींत. रिकामी जागा शेवटीं अंदाजानें भरतां येते.

ध्वनिमुद्रणापूर्वी प्रश्न वाचण्यास थोडा वेळ मिळतो. त्यांत हवें तें नांव आहे, आंकडा आहे कीं वार आहे, एवढें ठरविलें कीं कान कशाची वाट पाहावयाची तें जाणतो. मात्र पहिल्या मंगळवारावर झडप घालूं नये. बोलणारी बाई आधीं ‘मंगळवार’ म्हणते, क्षणभर थांबते आणि ‘नको, गुरुवारच बरा’ असें सुचविते. मंगळवार लिहून निश्चिंत झालेला परीक्षार्थी तोंवर ऐकण्याचें सोडून बसलेला असतो.

मराठी कानाची एक निराळी अडचण आहे. ‘थर्टी’ व ‘थर्टीन’ यांतील शेवटचा ‘न’ बोलण्याच्या ओघांत पुसट होतो. मग भेद उरतो तो मुख्यतः आघाताचा. ‘थर्टी’चा आघात पहिल्या अक्षरावर, ‘थर्टीन’चा बहुधा दुसऱ्यावर. मराठींत आघातानें शब्दाचा अर्थ पालटत नाहीं, म्हणून तो टिपण्याची कानाला संवय नसते. ती मुद्दाम लावून घ्यावी लागते. तसेंच ‘डबल’ म्हणजे तेंच अक्षर दोनदां, आणि दूरध्वनीच्या आंकड्यांतील ‘ओ’ म्हणजे शून्य, हेंहि अंगवळणीं पडावें.

चौथा भाग व्याख्यानाचा असून त्यांत मध्यें विसावा नसतो. येथें थकलेलें मन भरकटतें. वक्ता ‘नाउ’, ‘हाउएव्हर’, ‘फायनली’ असे शब्द उच्चारून विषयाचें वळण सुचवितो. भरकटलेल्यानें त्या वळणावर पुन्हां वाट धरावी. घरीं सराव करतांना न समजलेलें वाक्य लगेच मागें नेऊन ऐकण्याचा मोह होतो. तो निदान पहिल्या खेपेस आवरावा. नाहींतर सराव होतो तो थांबण्याचाच.

कागदावरील परीक्षेंत उत्तरें उतरवून काढण्यास शेवटीं १० मिनिटें मिळतात. संगणकावर मात्र तपासणीपुरतीं २ मिनिटें असतात, आणि शुद्धलेखनाची चूक दोन्हीकडे गुण घालविते.