गोठवलेला मटार : चव आणि हिशेब

थंडीत मंडईत मटाराच्या राशी लागल्या, की सुपरमार्केटमधल्या शीतपेटीकडे कोणी फिरकत नाही. मार्च उलटला की शेंगा निबर होतात, भाव चढतात आणि गोठवलेल्या मटाराच्या पाकिटाची आठवण होते. तेही काहीशा नाइलाजाने, कारण ‘ताजे ते ताजेच’ हा आपल्याकडचा ठाम समज. मटाराच्या बाबतीत तो निम्माच खरा आहे.

शेंग खुडल्यापासूनच दाण्याची गोडी उतरू लागते. त्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होते आणि उष्म्यात हा वेग वाढतो. उत्तरेकडून ट्रकने येणारी शेंग घाऊक बाजारातून गल्लीतल्या हातगाडीवर पोहोचेपर्यंत बरीच गोडी वाटेतच सरलेली असते. चांगल्या कारखान्यात मात्र ताजे दाणे मिनिट-दीड मिनिट कढत पाण्यातून किंवा वाफेतून काढून लगेच गार केले जातात. त्यामुळे रंग व चव बिघडवणारी विकरे निष्क्रिय होतात. मग अतिथंड हवेच्या झोतात एकेक दाणा सुटा गोठवून उणे १८ अंश सेल्सिअसला साठवतात. गोठण्याची क्रिया झटपट झाल्याने बर्फाचे स्फटिक बारीक राहतात व पेशी फारशा फाटत नाहीत. ‘क’ जीवनसत्त्वाचा काही अंश या धुण्या-उकडण्यात जातो. पण शेंगा चार-पाच दिवस बाहेर पडून राहिल्या, तर त्यांच्यातही तो टिकत नाही.

खरी मेख दुकानात असते. पाकीट हाताने चाचपून पाहावे. आत दाणे सुटे, खडखडीत लागले तर ठीक. ढेकूळ लागले, तर माल मध्येच कुठे तरी वितळून पुन्हा गोठला आहे, असे समजावे. पाकिटात भुरभुरीत बर्फ साचला असेल किंवा दाणे सुरकुतलेले, पांढुरके दिसत असतील, तर ते पाकीट स्वस्त असले तरी परत ठेवावे. वीज वारंवार जाणाऱ्या भागात ही तपासणी अधिकच गरजेची. पिशवीत बांधून सुट्या विकल्या जाणाऱ्या भडक हिरव्या दाण्यांबाबत तर दुप्पट सावध असावे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात ते अर्धा तास ठेवले आणि पाण्याला रंग चढला, तर भेसळ उघड होते.

कोवळेपणा मिठाच्या पाण्यातही कळतो. अशा दाट पाण्यात कोवळा दाणा तरंगतो, तर पिष्ट भरलेला जून दाणा तळ गाठतो.

आता हिशेब. एक किलो शेंगांतून जेमतेम अर्धा किलो, बहुधा त्याहून कमीच दाणे निघतात. म्हणजे शेंग ५० रुपये किलो असेल, तर दाणा शंभराच्या पुढे पडतो. सोलण्याचा वेळ आणि किडके दाणे वेगळेच. म्हणून तुलना करायची ती पाकिटाची आणि सोललेल्या दाण्यांची, शेंगांची नव्हे. ऐन हंगामात शेंगच परवडते, उन्हाळ्यात पारडे पाकिटाकडे झुकते.

मक्याचे गोड दाणेही गोठवणे सोसतात. फ्लॉवर, फरसबी मात्र शिजवल्यावर गिळगिळीत होण्याचा संभव असतो. पाणी गोठताना फुगते आणि या भाज्यांच्या पेशी त्या ताणाने फाटतात. ‘मिक्स व्हेज’च्या पाकिटात म्हणूनच मटारच तेवढा चवीला उतरतो.

मटाराची उसळ किंवा पुलाव करताना दाणे आधी वितळवण्याची गरज नाही. ते अर्धवट शिजलेलेच असतात; कुकरच्या शिट्या न करता शेवटच्या तीन-चार मिनिटांत टाकले, तर रंगही राहतो आणि दाणाही अख्खा राहतो.