फिशटँक आणि बोटावरची गाठ

गप्पी आणि मोली थेट पिल्ले देतात. मोठ्या माशांनी ती गिळू नयेत म्हणून त्यांना वेगळ्या टाकीत काढावे लागते. त्यामुळे घरी माशांची पैदास करणाऱ्याचा हात दिवसातून अनेकदा पाण्यात जातो. खडी धुताना, फिल्टर उघडताना बोट खरचटते. त्याकडे कोण लक्ष देतो!

या पाण्यात ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा जिवाणू असू शकतो. क्षयाच्या जंतूचाच हा भाऊबंद. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या माशांत तो प्रथम सापडला. त्याला ३० ते ३२ अंश तापमान मानवते, म्हणून तो बहुधा हातापायांच्या तुलनेने थंड त्वचेतच राहतो. खरचटल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी, कधी आणखी उशिरा, तिथे लालसर-जांभळी गाठ येते. ती फारशी दुखत नाही. मग तशाच गाठी ओळीने मनगटाकडे सरकतात. दुर्लक्ष झाले तर संसर्ग स्नायुबंधापर्यंत पोहोचतो.

खरी अडचण निदानाची. साधे गळू समजून घरातले कुठलेही मलम चोळले जाते. त्यात स्टेरॉइड असेल तर दुखणे बळावते. प्रयोगशाळेत नमुना नेहमीच्या ३७ अंशांवर ठेवला, तर जंतू वाढत नाही आणि अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही तरी टाकीचा उल्लेख स्वतःहून करावा. औषधे आहेत, पण काही महिने घ्यावी लागतात. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही.

हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत. नळीने पाणी काढताना ते तोंडाने ओढू नये, आणि टाकी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये.