लक्ष्य, लक्षण आणि साक्ष

संशोधनात दोन साक्षी जुळल्या की विधान बळकट झाले, असे आपण सहसा मानतो. परंतु त्या खरोखर दोन आहेत काय, की एकच साक्ष दोन नावांनी आपल्यासमोर आली आहे, हा प्रश्न त्याआधी विचारावा लागतो. संगीताच्या पदव्युत्तर अभ्यासात हा प्रश्न फार क्वचित विचारला जातो. त्याचे महत्त्व मला एका साध्या प्रसंगाने पटले.

रायपूरहून धमतरीकडे जाताना, जेथून राजीमचा फाटा फुटतो, तेथे अभनपुर लागते. या गावी गेल्या पावसाळ्यात संगीतात एम. ए. करणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिचे सारे शिक्षण हिंदीतून झालेले; काही मराठी उतारे समजावून घ्यावेत, एवढाच तिचा हेतू होता. तिच्या टिपणात रागांच्या वर्गीकरणाविषयीच्या एका विधानाला दोन आधार दिलेले होते : एक पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा आणि दुसरा 'चतुरपंडित' यांचा. दोन पंडितांचे मत जुळते, सबब ते ग्राह्य, असा तिचा निष्कर्ष होता. हे दोघे एकच गृहस्थ आहेत, असे मी सांगितले तेव्हा ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.

दोष सर्वस्वी तिचा नव्हता. १९१०च्या सुमारास भातखंड्यांनी 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ 'चतुरपंडित' या नावाने लिहिला. आणि १९१० ते १९३२ या काळात निघालेल्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'च्या चार मराठी खंडांत याच चतुरपंडितांचा हवाला एखाद्या तिसऱ्या व्यक्तीचा द्यावा तसा दिला. संस्कृत ग्रंथाला मिळणारी मान्यता आपल्या नव्या मांडणीलाही लाभावी, असा यामागचा हेतू दिसतो. हे मराठी खंड हाथरसहून 'भातखंडे संगीतशास्त्र' या नावाने हिंदीत आले आणि उत्तर भारतातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यांवर वाढल्या. आधारग्रंथांची यादी करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात दोन नावे दिसतात. त्यांमागचा एक माणूस दिसत नाही.

असे असूनही संगीतसंशोधनाची पद्धती शिकावयाची तर ती भातखंड्यांपाशीच शिकावी, असे माझे मत आहे. मात्र त्यांच्या गुणांइतकीच त्यांच्या दोषांपासूनही शिकावी. १८६० साली जन्मलेल्या या गृहस्थाने १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेतली. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांनी संगीताचा व्यासंग केला. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले, १९०७ आणि १९०८ मध्ये पूर्वेकडे व उत्तरेकडे. हा प्रवास यात्रेकरूचा नव्हता. वकील साक्षीदाराची तपासणी करतो त्याप्रमाणे ते गवयांना आणि शास्त्रज्ञांना भेटत, प्रश्न विचारीत आणि उत्तरे दैनंदिनीत टिपून ठेवीत. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'ची रचनाही प्रश्नोत्तरांची आहे. शिष्य शंका काढतो, गुरू आधार देतो, पुन्हा शंका निघते. या संवादाला केवळ अध्यापनाची सोय समजणे चूक ठरेल. कोणते विधान कोठून आले, हे वाचकाला पाहता यावे, अशी ती मांडणी आहे.

संगीतशास्त्रात दोन जुने शब्द आहेत : लक्ष्य आणि लक्षण. प्रत्यक्ष गायिले जाते ते लक्ष्य. ग्रंथात सांगितले जाते ते लक्षण. ग्रंथातले लक्षण आजच्या गायनाशी जुळत नसेल, तर गायन चुकले असे न म्हणता लक्षण नव्याने बांधावे, ही भातखंड्यांची भूमिका त्यांच्या संस्कृत ग्रंथाच्या नावातच आहे. संशोधकाचे पहिले काम यातून आपोआप ठरते. आपल्या टिपणातील प्रत्येक विधानापुढे त्याने लिहावे, की हे ग्रंथात वाचले, गायकाकडून ऐकले, की स्वतः अनुमानिले. शब्द, प्रत्यक्ष आणि अनुमान ही प्रमाणे आपल्या परंपरेने वेगळी मानली, ती उगाच नव्हे.

दुसरे काम शब्दांचे आहे, आणि येथे अनुवादकाला दोन शब्द बोलण्याचा अधिकार असावा. ग्रंथ बदलला की तोच शब्द दुसरी वस्तू दाखवितो. दक्षिणेच्या परिभाषेतील शुद्ध गांधार हा आपल्या शुद्ध ऋषभाच्या जागी येतो आणि तेथील शुद्ध धैवत आपल्या कोमल धैवताच्या. रामामात्याचा 'स्वरमेलकलानिधी' किंवा व्यंकटमखीची 'चतुर्दंडिप्रकाशिका' उघडून त्यांतील 'शुद्ध' हा शब्द जो आजच्या बिलावलाच्या अर्थाने वाचील, त्याचे पुढचे सारे गणित चुकेल. चुकीचे भाषांतर निदान कोणाच्या तरी नजरेस येते. जे भाषांतर आवश्यक असूनही केलेच गेले नाही, ते मात्र कोणालाच दिसत नाही.

तिसरे काम कानाचे. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग घ्या. तिन्ही मारवा थाटातले, तिन्हींत पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. स्वरांची यादी केली तर तिघांत काही फरक उरत नाही. तरीही मारव्यात ऋषभ-धैवतांचे प्राबल्य असते, पूरिया मंद्र व मध्य सप्तकात गांधार-निषादांवर विसावतो आणि सोहनी तार षड्जाच्या आसपास वावरते. हे भेद शब्दांत सांगता येतात, पण ते ओळखावयास ऐकावेच लागते. ध्वनिमुद्रिका ऐकतानाही सावधगिरी हवी. भारतात १९०२ साली ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. त्या तीन मिनिटांवरून त्या गायकाची बढत तोकडी होती असे अनुमान काढणे म्हणजे पाकिटावरच्या पत्त्यावरून पत्राचा मजकूर ठरविण्यासारखे आहे.

चौथे काम सर्वांत अवघड : साक्षीदाराला न्याय देणे. भातखंड्यांचा कमीपणा मला येथे जाणवतो. ज्या उस्तादांच्या घराण्यांतून बंदिशींचे धन मिळवावयाचे, त्यांच्याच शास्त्रज्ञानाविषयी त्यांनी अनेकदा अनादर दाखविला. जानकी बाखले यांच्या 'टू मेन अँड म्युझिक' (२००५) या इंग्रजी ग्रंथाने या बाजूची कठोर चिकित्सा केली आहे. श्रुती किती आणि ग्रंथ कोणता, या प्रश्नाला जो गवई उत्तर देऊ शकत नाही, तो अज्ञानी ठरतो काय? त्याचे ज्ञान गळ्यात आहे. त्याला प्रश्न मात्र पोथीच्या भाषेत विचारला गेला. उत्तर आले नाही, याचा अर्थ पुष्कळदा प्रश्न चुकला, एवढाच असतो.

हे विवेचन छत्तीसगडात बसून करण्यास कारण आहे. १९५६ साली खैरागढ येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले आणि त्याचे पहिले कुलगुरुपद भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे आले. मुंबईत एका मराठी वकिलाने आरंभिलेली ही पद्धती अशा रीतीने या प्रदेशात पोचली. परंतु येथील भूमीवर केवळ राग नांदत नाहीत. येथे पंडवानी आहे, भरथरी आहे, ददरिया आहे. त्यांना लक्षणग्रंथ नाही. मग पद्धती निरुपयोगी झाली काय? मुळीच नाही, तिची खरी कसोटी येथेच लागते.

पंडवानीचेच पाहा. अभ्यासक तिच्या दोन शाखा सांगतात, वेदमती आणि कापालिक. वेदमती शाखेला सबलसिंह चौहान यांच्या दोहा-चौपाईतील महाभारताचा आधार आहे. आता एखाद्या विद्यार्थ्याने त्या शाखेच्या गायकाकडून कथा ऐकली, नंतर ती छापील ग्रंथाशी ताडून पाहिली आणि दोन्ही जुळतात म्हणून लोकपरंपरा ग्रंथाला दुजोरा देते असे लिहिले, तर तो चतुरपंडितांच्या त्याच सापळ्यात सापडला. गायकाचा आधारच तो ग्रंथ असेल, तर ती एकाच साक्षीची दोन रूपे झाली. त्याने विचारावयास हवे ते निराळेच : गायकाने ग्रंथ कोठे सोडला, कोणत्या प्रसंगी छत्तीसगढी बोलीकडे वळला, कोठे तंबुऱ्याची गदा केली. ग्रंथात नसलेले जे त्याच्या मुखातून येते, तीच त्याची स्वतंत्र साक्ष.

त्या विद्यार्थिनीने आपले प्रकरण फाडून टाकले नाही, हे मला आवडले. तिने आधारांच्या यादीतील एक नाव कमी केले आणि प्रत्येक आधारापुढे एक नवा रकाना आखला : 'ही माहिती याला कोठून मिळाली?' पुढील भेटीत तिने ती वही दाखविली, तेव्हा त्या रकान्यातील निम्म्याहून अधिक जागा कोऱ्या होत्या. मार्गदर्शकांना ही वही कशी दाखवावी, याची तिला चिंता वाटत होती. मी तिला म्हटले की, वही अशीच दाखवावी; प्रबंधाला खरा आरंभ त्या कोऱ्या जागांपासून होणार आहे.