बारीक झालं की सोनं कामाला लागतं

सोनं गंजत नाही, काळं पडत नाही. दागिन्यासाठी हा मोठा गुण. रसायनशास्त्रज्ञांच्या लेखी मात्र तो अवगुणच होता. जो धातू ऑक्सिजनलाही दाद देत नाही, तो उत्प्रेरक म्हणून काय कामाचा? प्लॅटिनम आणि पॅलेडियमपुढे सोन्याला कुणी विचारत नसे.

हा समज मोडला जपानमधल्या ओसाकाच्या सरकारी प्रयोगशाळेत. तिथले रसायनशास्त्रज्ञ मासाताके हारुता यांनी सोन्याचे आणि लोखंडाचे क्षार एकत्र विरघळवले, सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने दोन्हींचा साका एकदमच खाली बसवला, तो धुऊन, वाळवून भट्टीत भाजला. हाती आली लोहाच्या ऑक्साइडची पूड आणि तिच्यावर विखुरलेले काही नॅनोमीटरचे सोन्याचे कण. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या पुडीवर विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड झाला, तोही शून्याखाली ७० अंश सेल्सिअसला! १९८७ साली हे प्रसिद्ध झालं.

अभिक्रिया होते ती पृष्ठभागावर; आतले अणू नुसते बसून असतात. एक घन सेंटिमीटर सोन्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक नॅनोमीटरचे ठोकळे पाडले, तर तो ६,००० चौरस मीटर भरतो. पण नुसत्या क्षेत्रफळाने एवढं साधत नाही. कणाच्या कडाकोपऱ्यांवरच्या अणूंना शेजारी कमी असतात, म्हणून ते बाहेरच्या रेणूला धरू पाहतात. खरी चलाखी आहे ती सोनं आणि ऑक्साइड जिथे भिडतात त्या काठावर. ऑक्सिजन तिथेच कामाला जुंपला जातो. फार तापवलं की कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि सोनं पुन्हा थंड पडतं. कारखान्यातली खरी डोकेदुखी ती हीच.

पीव्हीसी या प्लॅस्टिकचा कच्चा माल असलेलं व्हिनाइल क्लोराइड चीनमध्ये बहुतांशी कोळशापासून काढलेल्या अ‍ॅसिटिलीनपासून बनतं आणि त्यासाठी उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचं क्लोराइड वापरलं जातं. इथे सोनं सरस ठरेल, हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम हचिंग्ज यांनी १९८५ मध्येच सांगितलं होतं. आज कार्बनवर बसवलेला सोन्याचा उत्प्रेरक चीनमधल्या कारखान्यांत पोहोचला आहे. त्यात तर कणही नाहीत, सोन्याचे सुटे अणूच राबतात, हे २०१७ मध्ये दिसून आलं.

जपानमधल्या मिनामाताच्या खाडीत विष कालवलं तेही उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या पाऱ्यानेच. सोनं महाग आहे म्हणून पाऱ्यालाच चिकटून राहणाऱ्या कारखानदारांनी तिथल्या माणसांनी मोजलेली किंमतही हिशेबात धरावी.