सिगारेट सुटली, पण हवा सुटते का?

स्कूबा प्रशिक्षणाआधी जगभर जो आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, त्यात पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना विचारलेलं असतं : सध्या धूम्रपान करता का? वीस वर्षं रोज पाकीट संपवून गेल्या दिवाळीत सिगारेट सोडलेला माणूस तिथं खरेपणानं ‘नाही’ लिहितो. श्वासाच्या तक्रारींचीही विचारणा असते, पण फुफ्फुसाचं बरंच नुकसान होईपर्यंत तक्रार जाणवतेच असं नाही.

सोडल्याचा फायदा होतो, आणि लवकर होतो. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत निघून जातो. हृदयविकाराचा वाढीव धोका साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो. पाण्याखालच्या मृत्यूंमध्ये हृदयाचा वाटा मोठा असतो, म्हणून हे महत्त्वाचं. श्वासनलिकांतले कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस मात्र काही आठवडे ते महिने घेत पुन्हा कामाला लागतात. त्या काळात खोकला आणि कफ उलट वाढलेला वाटू शकतो. नेमकी तेव्हाच सुट्टी काढून बुडी मारायला जाऊ नये.

परत येत नाहीत ते वायुकोशांचे पडदे. वर्षानुवर्षांच्या धुरानं ते फाटतात, लहान कोश एकत्र होऊन मोठे पोकळ फुगे बनतात आणि फुफ्फुस ढिल्या पडलेल्या इलॅस्टिकसारखं होतं. हवा आत सहज जाते, बाहेर यायला वेळ लावते. जमिनीवर याची किंमत म्हणजे जिन्यात थोडी धाप. पाण्यात रॉबर्ट बॉइलचा नियम आडवा येतो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि रेग्युलेटर त्याच दाबाची हवा देतो. वर येताना ती हवा दुप्पट जागा मागते. मोकळ्या नळीतून ती बुडबुड्यांवाटे निघून जाते. कफानं बुजलेल्या नळीमागे अडकली, तर कोश फाटतो. फाटलेल्या जागेतून हवा रक्तात शिरली, तर तिचे बुडबुडे थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. ‘श्वास कधीही रोखू नका’ हा स्कूबाचा पहिला धडा यासाठीच. अडचण अशी, की माजी धूम्रपान करणाऱ्याचं तोंड उघडं असलं तरी फुफ्फुसाचा एखादा कोपरा श्वास रोखून बसलेला असू शकतो.

‘आम्ही काही खोल जात नाही, तारकर्लीला नुसती ट्राय डाइव्ह,’ असं म्हणणाऱ्यांनी थोडं गणित करावं. तिसाव्या मीटरवरून विसाव्यावर येताना हवा एक तृतीयांशानं फुगते. दहाव्यावरून पृष्ठभागावर येताना दुपटीनं. म्हणजे या धोक्यापुरता उथळ पट्टाच जास्त अवघड. पूर्ण भरलेल्या छातीनं श्वास रोखून एक-दीड मीटर वर आलं तरी फुफ्फुस फाटू शकतं. खोलीचा त्रास वेगळा : तीस मीटरवर हवा चौपट दाट होते आणि निरोगी माणसाचीही जोरात श्वास घेण्याची कमाल क्षमता जवळपास निम्मी उरते. अरुंद नळ्यांना हे आणखी जड जातं.

मग सोडून किती वर्षं झाली की चालेल? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पीटो यांनी लंडनमधल्या पुरुषांच्या फुफ्फुसांचा आठ वर्षं मागोवा घेऊन १९७७मध्ये मांडलं होतं, की सिगारेट सोडली की ऱ्हासाचा वेग धूम्रपान न करणाऱ्यांइतका मंदावतो. गेलेली क्षमता मात्र फारशी भरून येत नाही. तेव्हा कॅलेंडरपेक्षा स्पायरोमेट्री बरी. पहिल्या सेकंदात बाहेर फेकलेली हवा एकूण हवेच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल, तर नळ्यांत अडथळा आहे असं समजतात. आकडे चांगले असूनही पोकळ फुगे लपलेले असू शकतात, म्हणून जुन्या, भरपूर ओढलेल्यांना डॉक्टर सीटी स्कॅनही सांगतात. त्यात फुगे दिसले, तर बुडीचा बेत रद्द. यावर घासाघीस करू नये.

तपासणीत पास झालात, तरी सर्दी-खोकला असताना उतरू नका आणि मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगानं वर येऊ नका. बाहेर आल्यावर छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं, आवाज बदलला, हातपाय बधिर झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर आडवं करून ऑक्सिजन द्यायचा आणि तातडीनं दवाखाना गाठायचा. तिथं डाइव्ह केल्याचं आधी सांगायचं, कारण उपचाराला दाबकक्ष लागू शकतो. नव्या माणसाला खोकला आला की तो घाबरून सांगतो. जुना धूम्रपान करणारा ‘हा आपला नेहमीचाच’ म्हणून गप्प बसतो, म्हणून सोबत्याला आपला इतिहास बुडीआधीच माहीत हवा.