माया सोडून कापलेलं कापड

महालक्ष्म्या उठल्या, गणपती गेले आणि पितृपंधरवडा लागला की हिंगोलीतल्या कापडदुकानांची गर्दी एकदम ओसरते. या दिवसांत नवं कापड घ्यायचं नाही, असा रिवाज. पण नेमकं याच दिवसांत गल्लीतल्या एखाद्या बुटिकात डोकावून पाहावं. शिलाई मशीन रात्री उशिरापर्यंत चालू असतं. भिंतीलगत एक दोरी ताणलेली, तिच्यावर अर्धवट ब्लाउज टांगलेले. कुणाचं नुसतं अस्तर लागलेलं, कुणाला अजून एकच बाही. प्रत्येकाला टाचणीनं अडकवलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर द्यायची तारीख. दसऱ्याला गाव काय घालणार, ते आधीच या दोरीवर दिसत असतं. मुंबईत आणि पॅरिसमध्ये येत्या हंगामाचे कपडे दाखवायला रंगमंच, दिवे, संगीत लागतं. इथे दोरी पुरते.

त्या दोरीसमोर मी दरवेळी थबकतो. इतक्या लांबून आलेल्या इतक्या गोष्टी तिच्यावर शेजारी शेजारी लटकत असतात!

रंगाचंच घ्या. एखादा रंग दुकानात दिसायच्या साधारण दोन वर्षं आधी तो ठरवणारी माणसं एकत्र बसतात. इंटरकलर ही त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९६३ मध्ये पॅरिसला स्थापन झाली. निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी आपापल्याकडचे रंग घेऊन येतात आणि चर्चेतून पुढच्या हंगामांचा रंगपट काढतात. इतकी घाई कशाला? कारण रंग आधी सुताला चढवावा लागतो. मग विणकर, मग छपाई, मग डिझायनर, मग शो, आणि शोनंतर काही महिन्यांनी दुकान. आपल्याकडचा लॅक्मे फॅशन वीक हा याच साखळीतला एक टप्पा. तो वर्षातून दोनदा भरतो, एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर आणि एकदा सणांच्या. आता शो संपायच्या आत त्याची चित्रं फोनवर येतात. हिंगोलीतली एखादी मुलगी तो फोन शिवणाऱ्या ताईंसमोर ठेवते आणि म्हणते, ‘‘ताई, सेम असंच पाहिजे, फक्त बाही कोपरापर्यंत घ्या.’’ दोन वर्षांची साखळी त्या एका वाक्यापाशी येऊन पोचते.

पॅन्टोन ही अमेरिकी कंपनी दरवर्षी एक ‘वर्षाचा रंग’ जाहीर करते. २०२६ साठी तिनं निवडला तो ‘क्लाउड डान्सर’ नावाचा पांढरा. फुटलेल्या बोंडातल्या कापसाला जवळचा असा हा रंग. त्याची बातमी जगभर झाली. पण आपल्या महाराष्ट्राकडे रंग ठरवायची जी रीत आहे, ती मला याहून विलक्षण वाटते. नवरात्राचे नऊ रंग! ही प्रथा फार जुनी नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत महाराष्ट्र टाइम्सनं ती रुजवली आणि बघता बघता बँकेपासून शाळेपर्यंत सगळीकडे पसरली. तिचं गणित साधं आहे: रंग वारावर ठरतो. रविवारचा नारिंगी, सोमवारचा पांढरा, मंगळवारचा लाल, बुधवारचा निळा, गुरुवारचा पिवळा, शुक्रवारचा हिरवा, शनिवारचा करडा. वार पुन्हा आले की गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांची भर. २०२६ ची घटस्थापना ११ ऑक्टोबरला, रविवारी आहे. म्हणजे पहिली माळ नारिंगी. हातात पंचांग असलं की गावातला कुठलाही दुकानदार पुढच्या चार-पाच नवरात्रांचे रंग आज सांगू शकतो. एका राज्यातल्या लाखो बायका एकाच दिवशी एकाच रंगात बाहेर पडतात, आणि त्यासाठी कुणाला कसली समिती बसवावी लागत नाही.

आता हंगाम या शब्दाकडे वळतो. पॅरिसचे दोन हंगाम थंडी आणि उन्हाळ्यावर बेतलेले आहेत. हिंगोलीचेही दोनच, पण ते जमिनीतून येतात. जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये निघतं, मोंढ्यावर येतं आणि घरात पैसा येतो. तोच दसऱ्याचा आणि दिवाळीचा काळ. हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना. रामलीला, रावणदहन आणि सोबत भरणारं मोठं प्रदर्शन बघायला खेड्यापाड्यांतून माणसं येतात, नव्या कपड्यांत येतात. दुसरं पीक हळद. मे-जूनमध्ये लावलेली हळद सुमारे नऊ महिन्यांनी काढायची, उकडायची, वाळवायची, घोळून चकचकीत करायची आणि मार्च ते मे या काळात विकायची. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात त्या दिवसांत हवासुद्धा पिवळी वाटते. आणि तेव्हाच लग्नसराई! त्यामुळे इथल्या बुटिकवाल्या ताईंना आपला हंगाम कसा जाणार हे समजून घ्यायला मासिकं चाळावी लागत नाहीत. परतीचा पाऊस सोयाबीनवर किती पडला आणि हळदीला काय भाव फुटला, एवढं कळलं की ऑर्डरींचा अंदाज येतो. पाऊस बिघडला की आरी वर्कचा ब्लाउज साध्या गोटावर येतो. फॅशनबद्दल लिहिताना ही गोष्ट क्वचितच कुणी लिहितं, आणि मला तीच सगळ्यात खरी वाटते.

हळदीचं आणखी एक नवल. ज्या जिल्ह्याच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्याच जिल्ह्यात आता बुटिकांचं एक मोठं काम म्हणजे ‘हळदीचा ड्रेस’. पूर्वी गौरीहरापुढे बसताना नवरीनं नेसायची पिवळी साडी मामाकडून यायची आणि हळद लागायची ती जुन्या लुगड्याला. आता हळदीच्या कार्यक्रमासाठी पिवळ्या ऑरगंझाचा लेहेंगा, फुलांचे दागिने, बहिणींचे जुळणारे कुर्ते, सगळं नव्यानं शिवलं जातं. हे पिवळं कापड मात्र हळदीनं रंगवलेलं नसतं. हळदीत कुर्क्युमिन नावाचं रंगद्रव्य असतं. सुताला ते सहज धरतं, तुरटीसारखी मदत लागत नाही. पण उन्हात ते लवकर विटतं. आणि साबण लागला की पिवळा डाग क्षणात लाल होतो. घाबरून आपण तो आणखी घासतो. ती खरं तर रसायनशास्त्राची छोटीशी करामत असते: साबणाच्या अल्कलीपणामुळे कुर्क्युमिनचा रंग बदलतो. हळदीत चुन्यासारखा अल्कली पदार्थ मिसळून कुंकू करतात, तेही याच गुणावर. पूजेच्या ताटातली हळद आणि कुंकू ही एकाच रंगद्रव्याची दोन रूपं आहेत, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या दोन कोयऱ्यांकडे बघत बसलो होतो. (तो लाल झालेला डाग स्वच्छ धुऊन कडक उन्हात टाकावा. बराचसा फिका होतो.)

दोरीवरचा एक ब्लाउज हातात घेऊ. सपाट कापड आणि गोलाईचं शरीर यांचं कसं जमतं? कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञानं १८२७ मध्ये सिद्ध केलं की सपाट पृष्ठभाग न ताणता, न फाडता, न चुणी पाडता गोलावर बसवता येत नाही. संत्र्याची अख्खी साल टेबलावर सपाट करून बघा, कडेला फाटतेच. शिवणाऱ्या ताई तेच कोडं उलट बाजूनं रोज सोडवतात. जिथे गोलाई हवी तिथे त्या चिमूट घालून टक्स घेतात, नाहीतर कटोरीचे तुकडे करून जोडतात, नाहीतर खांद्यापासून कमरेपर्यंत प्रिन्सेस कटची वळणदार रेघ मारतात. टक्स म्हणजे कापडातून वजा केलेली एक पाचर. किती वजा करायचं हे मापाच्या वहीतल्या आकड्यांवरून ठरतं, आणि थोडं त्या आकड्यांमागच्या बाईच्या उभं राहण्याच्या लकबीवरून.

गळ्याला लागलेली पट्टी तर मला शिवणातलं सगळ्यात सुंदर रहस्य वाटते. ती कापडाच्या उभ्या धाग्यात कापत नाहीत, आडव्यातही नाही, तिरकी कापतात. तिला म्हणतात उरेब पट्टी. विणलेलं कापड उभं-आडवं ओढलं तर फारसं ताणलं जात नाही, पण तिरकं ओढलं की धाग्यांचे चौकोन सरकून समभुज होतात आणि तेच कापड लवचीक बनतं. म्हणून ती पट्टी गळ्याच्या वळणाला चुणी न पडता बिलगते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये मादलेन व्हिओने हिनं अख्खे झगे असे उरेब कापून शिवले. अंगावर पाण्यासारखे पडणारे ते कपडे आज संग्रहालयांत आहेत. हिंगोलीत गळ्याची पट्टी लावणाऱ्या बाईच्या बोटांना तेच तत्त्व ठाऊक आहे, तिच्या आईच्या बोटांनाही ठाऊक होतं.

शिवण इथे जुनी आहे. जिल्ह्यातलं, कयाधू नदीच्या काठचं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. घराणं शिंप्याचं. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या या माणसाची ६१ पदं पुढे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली. सुई, दोरा, गज, कात्री ही घरची हत्यारं त्यांच्या कवितेत भक्तीची अवजारं झाली. नर्सीच्या मंदिरात शीख भाविक दिसतात ते त्यामुळे.

येत्या हंगामात दोरीवर आणखी काय दिसेल? आरी वर्क तर आहेच. आरी हा मूळचा चांभारांच्या हत्याराचा शब्द. कच्छ-गुजरातच्या मोच्यांनी चामड्यावरचा तो आकडा कापडावर आणला. चौकटीत ताणलेल्या कापडाच्या खाली डावा हात दोरा धरतो, वर उजव्या हातातली आकड्याची सुई कापडातून खाली जाऊन फास उचलून आणते, आणि फासात फास गुंतत साखळी तयार होते. याच कामाची भावंडं फ्रान्समध्ये ल्युनेव्हिल गावाच्या नावानं ओळखली जातात. पॅरिसच्या महागड्या झग्यांवरचे मणी तशाच आकड्यानं लावतात. हिंगोलीत आज कितीतरी मुली क्लास लावून नाहीतर फोनवर बघून हे शिकतात आणि लग्नसराईत रात्र रात्र चौकटीवर बसतात. खणही आहे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं हे कापड पूर्वी ओटीत यायचं, चोळीपुरतं. आता त्याच्या साड्या, कुर्ते, फ्रॉक, मुलांचे जाकीट. जुन्या पैठणीचा काठ उतरवून नव्या ड्रेसला लावायची कामंही येतात.

पण मला वाट आहे ती बंजारा भरतकामाची. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडच्या तांड्यांवर म्हाताऱ्या बायकांच्या पेट्यांत अजून फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), टुकरी (ओढणी) जपून ठेवलेली सापडते. त्यावरच्या आरशांकडे नीट पाहा. काचेला भोक नसतं. मग ती टिकते कशी? आधी काचेवरून उभे-आडवे ताणलेले टाके टाकून एक जाळी करतात, मग त्या जाळीला सुई अडकवत कडेनं गोल फिरतात. टाके ओढले की जाळी उघडते आणि काचेभोवती दोऱ्याचं कडं बसतं. गोंद नाही, छिद्र नाही, फक्त ताण! कर्नाटकातल्या संदूरच्या लंबाणी भरतकामाला मानांकन आहे, आणि २०२३ मध्ये हंपीला जी-२० च्या वेळी तिथल्या साडेचारशेहून अधिक स्त्रियांच्या १,७५५ वस्तू मांडून विश्वविक्रम झाला. तेच रक्त आपल्या तांड्यांत आहे. बाजारात मशीनवर छापलेले ‘बंजारा पॅच’ मिळतात, प्लॅस्टिकच्या टिकल्यांचे. ते घेऊ नका, असं मी मनापासून सांगेन. ब्लाउजच्या पाठीवर एवढासा तुकडा लावायचा असेल तरी तो तांड्यावरच्या बाईकडून, तिनं सांगितलेल्या किमतीला घ्या.

ब्लाउज दोरीवर परत ठेवण्याआधी तो उलटा करून पाहा. शिवणीच्या आत, बगलेखाली, दोन बोटं जादा कापड दुमडून ठेवलेलं दिसेल. तयार कपड्यात ते बहुधा नसतं. कारखान्यात हजार नगांवर दोन-दोन बोटं वाचवली की थानच्या थान वाचतं. इथे मात्र कापतानाच ते सोडतात. त्या जादा कापडाला शिंप्यांच्या मराठीत म्हणतात माया. ‘‘माया ठेवलीय, काळजी करू नका,’’ असं ताई म्हणतात, तेव्हा समोरच्या नवरीला पुढच्या दहा वर्षांचं आश्वासन मिळालेलं असतं: अंग भरेल, बाळंतपण होईल, ब्लाउज उसवून पुन्हा बसेल. मागच्या वर्षी एका बुटिकात एका आईचा लग्नातला ब्लाउज मुलीसाठी उसवायला आला होता. ताईंनी तो उजेडात धरला. आत माया दोनदा वापरलेली दिसत होती, आधीच्या टाक्यांच्या बारीक भोकांच्या दोन रेघा समांतर गेल्या होत्या, आणि अजून अर्धं बोट कापड शिल्लक होतं.